मोटारखान्यातील हत्यारांची मांडणी

मराठी घराच्या स्वयंपाकघरात ‘मांडणी’ नावाची एक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला टेकून उभी आहे. ताटे कोठे, वाट्या कोठे, झारा कोठे आणि सांडशी कोठे, हे तिने एकदा ठरवून दिले की घरातील लहान मुलासही विचारावे लागत नाही. मिसळणाच्या डब्यातील मोहरी दिवे गेले असतानाही गृहिणीच्या बोटांस अचूक सापडते. त्याच घराच्या मोटारखान्यात मात्र भर दुपारी पक्कड सापडत नाही. ती कधी मोटारीच्या डिकीत असते, कधी जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली असते, आणि पुष्कळदा मागील खेपेस ज्या खिडकीपाशी काम झाले तेथेच पावसाने गंजत पडलेली असते. स्वयंपाकघर व मोटारखाना ही एकाच कुटुंबाची दोन कामाची दालने. परंतु एकात शिस्त नांदते आणि दुसऱ्यात अडगळ. हा भेद बुद्धीचा नव्हे, आस्थेचा आहे.

या अनास्थेचे मूळ जुने आहे. गावगाड्यात सुताराचे काम सुताराकडे व लोहाराचे लोहाराकडे असे. लेखणी धरणाऱ्या हाताने हातोडी धरण्याचा प्रसंग क्वचितच येई. पुढे हा वर्ग शहरात आला, त्याच्या घरात विजेचे दिवे, नळ, पंखे व अखेर मोटार आली. परंतु या सर्वांना जोडून ठेवणारे जे शेकडो स्क्रू व नट-बोल्ट, त्यांच्याशी त्याची ओळख झालीच नाही. मग दाराच्या कडीचा स्क्रू सैल झाला की भाजी चिरण्याची सुरी पुढे येते. सुरीचे टोक मोडते, स्क्रूची खाच बुजते, कडी तशीच लोंबत राहते, आणि हाताला जखम झाली तर तिचा दोष नशिबाकडे जातो. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण खरीच. परंतु येथे अंगणही खरोखर वाकडे असते. चुकीच्या हत्याराने बरोबर काम करू म्हणणे हा केवळ वेळेचा अपव्यय नसून वस्तूचा व शरीराचा नाश आहे.

याचा अर्थ प्रत्येक गृहस्थाने सुतार किंवा यंत्रज्ञ व्हावे असा नव्हे. ज्याचे काम त्यालाच साजते. परंतु जे काम पाच मिनिटांचे आहे त्यासाठी पाच दिवस कारागिराची वाट पाहणे जसे अयोग्य, तसेच जे काम कारागिराचेच आहे त्यात अर्धवट ज्ञानाने हात घालणेही अयोग्य. या दोहोंतील सीमा कोठे आहे हे स्वतःच्या हाताने थोडेफार काम करणाऱ्यालाच कळते. त्यासाठी हत्यारे थोडी असावीत, ती खरी असावीत, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असावी. घरच्या हत्यारांविषयी जे काही सांगावयाचे आहे त्याचे सार या तीन गोष्टींत येते.

प्रथम थोडेपणाविषयी. दुकानात प्लास्टिकच्या चकचकीत पेटीत शंभरावर नग मांडून ठेवलेले असतात आणि एवढ्या किंमतीत एवढी हत्यारे पाहून मन मोहून जाते. परंतु त्या शंभरांपैकी बहुतेक नग म्हणजे एकाच दांड्याला लावावयाची लहानमोठी टोके असतात. नित्य लागणारी आठदहा हत्यारे त्यांत कित्येकदा सर्वांत हलकी असतात. स्वयंपाकघर कोणी एका दिवसात पेटीतून विकत आणीत नाही. तवा येतो, मग कढई येते, मग गरज पडली की शेवेचा सोऱ्या येतो. हत्यारांचेही तसेच असावे.

आरंभास पुढील हत्यारे पुरेशी आहेत. अर्धा किलोच्या आतबाहेर वजनाची एक हातोडी, मागील बाजूस खिळे उपटण्याची चीर असलेली. ८ इंची एक पक्कड व लांब चोचीची ६ इंची दुसरी. पेचकस, ज्याला बाजारात स्क्रू-ड्रायव्हर म्हणतात, ते चार : सपाट टोकाचे दोन व फुलीच्या टोकाचे दोन. ६ पासून २२ मिलिमीटरपर्यंतच्या दुतोंडी पान्यांचा एक संच, आणि जबडा मागेपुढे सरकणारा १० इंची एक स्क्रू-पाना. षट्कोनी खाचेच्या स्क्रूसाठी एलन कींचा एक जुडगा. लोखंड कापण्याची एक हॅक्सॉ, लाकडासाठी एक लहान करवत, मुठीसह एक कानस, मोजण्याची ५ मीटरची फीत, एक गुण्या व एक पाणसळ. मोटार असल्यास चाक खोलण्याचा पाना व टायरातील हवा मोजण्याचे लहान यंत्र. एवढ्यावर वर्षभर घर चालवावे. त्या वर्षात जे हत्यार तीनदा शेजाऱ्याकडे मागावे लागले ते चौथ्यांदा विकत घ्यावे. जे एकदाही आठवले नाही ते दुकानातच बरे.

आता खरेपणाविषयी. मुंबईत नागदेवीच्या परिसरात किंवा पुण्यात बोहरी आळीत गेल्यास हत्यारांच्या दुकानांची रांगच लागते. जालंधर, नागौर, नाशिक अशा ठिकाणी आपल्या देशात उत्तम हत्यारे घडतात, आणि त्यांच्या शेजारीच त्यांच्या हुबेहूब रूपाची, परंतु मऊ धातूची हत्यारेही टांगलेली असतात. वरचा मुलामा दोहोंचा सारखाच चमकतो. तेव्हा पारख चकाकीवर न करता कामावर करावी. सुदैवाने बहुतेक हत्यारांची परीक्षा दुकानाच्या फळीवरच करता येते.

पक्कड मिटून उजेडाकडे धरावी. पुढची टोके एकमेकांस नीट भिडली पाहिजेत आणि तार कापण्याच्या धारांमधून उजेडाची फट दिसता कामा नये. तिचा सांधा सहज फिरावा, परंतु आडवा हलू नये. हातोडीचा माथा व दांडा यांच्या जोडाकडे पाहावे. लाकडी दांडा असेल तर त्यातील रेषा दांड्याच्या लांबीने गेलेल्या असाव्यात, आडव्या तुटलेल्या नसाव्यात. पान्याचा जबडा एखाद्या कोऱ्या नटावर बसवून पाहावा. तो सहज बसावा, पण बसल्यावर डुलू नये. हत्याराच्या अंगावर धातूचे नाव व माप नुसते रंगवलेले नसून ठसठशीत उठवलेले असावे. हा ठसा म्हणजे हमी नव्हे. पण जो कारखानदार आपले नाव लोखंडात उमटवतो तो ते लपवू इच्छीत नाही, एवढे त्यावरून कळते.

गुण्याची परीक्षा तर फारच सुरेख आहे. एका सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून पेन्सिलीने रेघ ओढावी. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. त्या फाकल्या तर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मी गुण्याची चूक. पाणसळही अशीच तपासावी. ती फळीवर ठेवून बुडबुडा कोठे थांबतो ते पाहावे आणि मग तिची टोके अदलाबदल करून त्याच जागी ठेवावी. फळी तिरपी असली तरी हरकत नाही. बुडबुडा दोन्ही वेळा फळीच्या एकाच टोकाकडे तेवढाच सरकला पाहिजे. जे हत्यार दुसऱ्याचा खरेखोटेपणा ठरविते त्याचा स्वतःचा खरेपणा आधी पाहून घ्यावा, हा न्याय उघड आहे.

मापांचा गोंधळ हा खरेदीतील दुसरा अडथळा. एके काळी प्रत्येक कारखान्याच्या स्क्रूचे आटे निराळे असत, आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टास बसत नसे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने आट्यांचे एकच प्रमाण सुचविले आणि इंग्रजी राज्यात ते सर्वत्र रुळले. हिंदुस्थानात त्यामुळे इंची माप आले. पुढे १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला व १९५८ पासून तो अमलात येऊ लागला. परंतु कायदा झाला म्हणून जुने बोल्ट एका रात्रीत वितळत नाहीत. नळाच्या कामात इंच आजही बोलला जातो, आणि सुतार इंचाचे आठ भाग करून त्यांस ‘सूत’ म्हणतो. चार सूत म्हणजे अर्धा इंच. मोटारी व मोटारसायकलींवर मात्र मिलिमीटरचेच राज्य आहे. ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचे डोके बहुधा १० मिलिमीटरचे असते, आणि ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचे १३ चे किंवा, जपानी पद्धतीच्या वाहनात, १२ चे.

हे आकडे क्षुल्लक वाटतात, परंतु बहुतेक नासाडी यांतूनच होते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. अर्ध्या इंची नटावर १३ चा पाना चढतो, किंचित डुलतो, आणि नट जाम असला की त्याचे कोपरे सोलून काढतो. कोपरे गेलेला नट मग कोणत्याच पान्यास दाद देत नाही. ‘जवळपास बसतो’ हे शब्द हत्यारांच्या व्यवहारात सर्वांत महाग पडतात. स्क्रू-पाना कोणत्याही मापास जुळतो म्हणून तो एकटाच घेण्याचा मोह होतो. परंतु त्याचा जबडा सरकता असल्याने तो थोडा डुलणारच. त्याची नेमणूक शेवटचा उपाय म्हणून करावी, आणि वापरताना जोर सरकत्या जबड्यावर न येता पक्क्या जबड्यावर येईल अशा बाजूने ओढावे.

पेचकसाच्या बाबतीतही हेच. फुलीच्या खाचेचा जो स्क्रू सर्वत्र दिसतो त्याची पेटंटे १९३६ साली हेन्री फिलिप्स या अमेरिकनास मिळाली आणि मोटारीच्या कारखान्यांनी तो लगेच उचलला. त्या खाचेला क्रमांक असतात. घरात बहुतेक ठिकाणी २ क्रमांकाचे टोक लागते व लहान कामास १ चे. लहान टोक मोठ्या खाचेत घातले की ते फिरता फिरता वर निसटते आणि खाच वाटोळी करून टाकते. म्हणून टोक खाचेत घट्ट व तळापर्यंत बसले आहे याची खात्री झाल्यावरच हात फिरवावा. आणि फिरविण्याइतकाच, किंबहुना अधिक, जोर दाबण्यास द्यावा.

हॅक्सॉच्या पात्याचेही असेच एक शास्त्र आहे. पात्यावर एका इंचात १८, २४ किंवा ३२ दात असतात. जाड तुकड्यास मोठे दात व पातळ पत्र्यास किंवा नळीस बारीक दात घ्यावे. कोणत्याही क्षणी निदान तीन दात धातूवर टेकलेले असावेत, असा नियम आहे. दातांचे तोंड पुढे ठेवून पाते ताणून बसवावे, म्हणजे पुढे ढकलताना ते कापते व मागे येताना विश्रांती घेते.

खरेदी झाली की मांडणीचा प्रश्न येतो, आणि येथे मोटारखान्याने स्वयंपाकघराचे शिष्यत्व पत्करावे. पाककलेवरील ग्रंथांमुळे प्रसिद्ध झालेल्या जूलिया चाइल्ड या अमेरिकन बाईंचे स्वयंपाकघर २००१ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. त्याच्या भोकांच्या फळ्यांवर प्रत्येक भांड्याच्या आकाराची रेघ काढलेली आहे. ती व्यवस्था त्यांचे पती पॉल यांनी केली होती. कोणते भांडे कोठे टांगावयाचे हे त्या रेघा सांगतात. आणि भांडे जागेवर नसेल तर तेही त्याच सांगतात. कारखान्यांतूनही हीच युक्ती चालते. रिकामी आकृती ही न बोलता केलेली चौकशी असते.

मोटारखान्यात असा एक फळा करणे कठीण नाही. चार फूट लांब व तीन फूट उंच प्लायवूडचा तुकडा पुरतो. तो भिंतीस थेट ठोकू नये. मागे इंचभर जाडीच्या पट्ट्या देऊन भिंत व फळा यांमध्ये हवा खेळू द्यावी, म्हणजे पावसाळ्यात भिंतीची ओल हत्यारांस लागत नाही. सर्व हत्यारे प्रथम जमिनीवर मांडून पाहावीत व मगच खिळे मारावेत. नित्याची हत्यारे कोपरापासून डोळ्यापर्यंतच्या उंचीत असावीत. जड हत्यारे खाली, कारण वरून पडलेली हातोडी पाय पाहत नाही. धारेची हत्यारे मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, धार भिंतीकडे करून. मोजण्याची एकीकडे, कापण्याची दुसरीकडे, पकडण्याची व फिरविण्याची तिसरीकडे, असे कामाप्रमाणे गट करावेत. पाने मापाच्या क्रमाने लावावेत. मग प्रत्येक हत्याराभोवती रंगाची रेघ ओढावी. शेजाऱ्याने हत्यार नेले तर त्याच्या नावाची चिठ्ठी त्या रिकाम्या आकृतीत अडकवावी. यात अविश्वास नाही, उलट दोन्ही घरांची मैत्री सुरक्षित राहते.

खिळे, स्क्रू व वायसर यांस लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या उत्तम. आत काय आहे ते दिसते आणि किती उरले तेही दिसते. ‘किरकोळ’ या नावाची बरणी मात्र एकच असावी; दुसरी झाली की सर्व मांडणी हळूहळू त्या नावाखाली जाते. ज्यांस मोटारखाना नाही व मोटार इमारतीखाली उभी राहते, त्यांनी कपाटाच्या दाराच्या आतील अंगास हाच फळा लहान करून लावावा. जागेचा संकोच हा मांडणीचा शत्रू नव्हे, मित्र आहे; तो नको ते घेऊ देत नाही.

मुंबईच्या व कोकणाच्या हवेत लोखंडाचा खरा वैरी म्हणजे दमटपणा. पावसात भिजून आलेली मोटार बंद मोटारखान्यात उभी राहिली की तिच्या अंगावरचे पाणी वाफ होऊन हत्यारांवर बसते. घामाचे मीठही तेच काम करते. म्हणून काम झाल्यावर हत्यार कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि मगच जागेवर ठेवावे. लाकडी मुठींस वर्षातून एकदा जवसाचे तेल द्यावे. परंतु त्या तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते, आणि गोळा केलेल्या फडक्यात ती साठून ठिणगीवाचून आग लागते. जेथे पेट्रोलची टाकी भरलेली मोटार उभी आहे तेथे हा धोका लहान नव्हे. अशी फडकी उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्यावीत.

येथे सुरक्षिततेच्या आणखी काही गोष्टी सांगणे अवश्य आहे, कारण हत्यार हे मुळात शस्त्राचे भावंड आहे. मुठीवाचून कानस वापरू नये. तिचे अणकुचीदार शेपूट तळहातात शिरते. छिन्नीचा माथा ठोके खाऊन छत्रीसारखा फुलला की तो घासून काढावा, नाही तर त्याचे कपचे डोळ्यात उडतात. हातोडीच्या तोंडावर दुसरी हातोडी मारू नये. पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा, ढकलू नये. निसटला तर ओढणाऱ्याचा तोल जातो, पण ढकलणाऱ्याची बोटे फुटतात. पान्यास नळी लावून त्याची लांबी वाढवू नये.

विजेच्या कामात तर अधिकच दक्षता हवी. पकडीच्या दांड्यांवरील रंगीत प्लास्टिक बहुधा हातास मऊ लागावे एवढ्याचसाठी असते. विजेपासून रक्षण करणाऱ्या हत्यारावर दुहेरी त्रिकोणाची व १००० व्होल्टची खूण असते. आणि ती असली तरी घरातील २३० व्होल्टचा प्रवाह मुख्य कळीपाशी बंद केल्यावाचून तारेस हात लावू नये. टेस्टरचा लहान दिवा लागला नाही म्हणून तार निर्जीव ठरत नाही. दिवा बिघडलेला असू शकतो किंवा धरणारा कोरड्या लाकडी स्टुलावर उभा असू शकतो. जेथे वीज आहे हे ठाऊक आहे अशा ठिकाणी टेस्टर आधी लावून पाहावा.

आणि मोटारीविषयी एक नियम असा की त्यास अपवाद नाही. जॅक हे मोटार उचलण्याचे साधन आहे, तोलून धरण्याचे नव्हे. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या मोटारीखाली हात, पाय किंवा डोके घालू नये. खाली भक्कम स्टँड दिल्यावाचून एक मिनिटाचेही काम करू नये. ब्रेक, स्वयंपाकाचा गॅस व विजेचा मुख्य फलक ही तीन कामे कारागिराचीच. तेथे हात आवरणे हेही हत्यार वापरण्याइतकेच शहाणपणाचे आहे.

आश्विनातल्या खंडेनवमीस महाराष्ट्रातला कारागीर आपली हत्यारे धुऊनपुसून त्यांची पूजा करतो. शहरी घरांतही त्या दिवशी मोटारीस झेंडूची माळ पडते. त्या सकाळी फळ्यावरची सर्व हत्यारे एकदा खाली उतरवावीत. गंज काढावा, सैल दांड्यास पाचर द्यावी, बोथट पाते बदलावे, मोडलेले हत्यार निरोप देऊन टाकावे, शेजाऱ्याची चिठ्ठी असेल तर ती आठवणीने वाचावी. या कामात घरातील मुलामुलींस बरोबर घ्यावे आणि प्रत्येक हत्याराचे नाव, माप व जागा त्यांच्या हातांनी त्यांस कळू द्यावी. मग फूल वाहावे. लोखंडास फुलाचे काही वाटत नसेल. परंतु ज्या हातांनी ते एकदा स्वच्छ करून जागेवर ठेविले, ते हात पुढे कोणत्याही कामास हलके म्हणत नाहीत.